'चिंकी', 'काळू', 'बहादूर' : सहज बोलतो म्हणजे नक्की काय करतो आपण?

पोळीभाजी (धागाकर्ती)

विमाननगरला माझं घरगुती डब्यांचं काम आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बाहेरगावचं. विदर्भ, मराठवाडा, बिहार, मणिपूर, नागालँड, आणि हल्ली सुदान, टांझानियाची मुलंही. (हो, त्यांना आमटी आवडते. ज्वारीची भाकरी तर आपल्या पोरांपेक्षा जास्त.)

डबे पोचवणाऱ्या मुलांकडे एक वही असते. परवा हिशेबाला ती उघडली. 'कुलकर्णी बी-२०४, अर्धा. देशमुख बी-३०१, भात नको. चिंकी सी-३०२, तिखट जास्त. काळू ए-११, पोळ्या ६.' पुढच्या पानावर 'चिंकी नंबर दोन'. म्हणजे मणिपूर, नागालँडची पोर 'चिंकी' आणि आफ्रिकेतला मुलगा 'काळू'. पोराला विचारलं, अरे नावं का नाहीत? तर म्हणे, "काकू, जीभ वळत नाही त्यांच्या नावाला." त्याच पानावर त्याच पोराने 'श्रीनिवासराघवन डी-१०४' असं एकही काना-मात्रा न चुकवता लिहिलंय. तिथे जीभ वळली. पेन पण वळलं.

पोरगा चांगला आहे. पावसात डबा छातीशी धरून नेतो, परीक्षेच्या दिवसांत त्या सी-३०२ ला न सांगता जास्तीचं वरण देतो. त्याच्या मनात काही नाही. म्हणून तर लिहावंसं वाटलं. कारण मनात काही नसताना हे इतकं पक्कं बसलेलं आहे. वही मी बदलायला लावली, नावं लिहून घेतली, तो विषय तिथे संपला.

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र शिकल्यासवरल्यांचा. तिथला गेल्या आठवड्यातला मेसेज : 'सी विंगमधल्या चिंक्यांच्या घरातून वास येतो, कमिटीने बघावं.' खाली तेवीस हसरे चेहरे. वॉचमनचं नाव गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'बहादूर' आहे, त्याच्याआधी होता तोही 'बहादूर' आणि रात्रपाळीचा 'बहादूर नाईट'. मी ग्रुपवर हटकलं तर उत्तर आलं, "अहो ताई, प्रेमानेच म्हणतो आपण. वाईट हेतू नाही."

मला असं वाटतं की हेतूची ही सबब बोलणाऱ्याच्या सोयीची आहे. एकदा सी-३०२ चं नाव 'चिंकी' झालं की मग तिच्याकडून दुप्पट डिपॉझिट मागायला, लिफ्टमध्ये तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला, तिने तक्रार केली तर 'त्यांचं काय एवढं' म्हणायला काही जड जात नाही. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या आजूबाजूला काय चालतं? आणि तुम्ही हटकता का?

तिरकस_पुणेकर

झालं! आता हेही बंद.

आमच्या वर्गात काळ्या, टकल्या, जाड्या, चष्मिष अशी रत्नं होती. पन्नाशी उलटली तरी त्याच नावाने हाका मारतो. काळ्याच्या मुलीच्या लग्नात स्टेजखालून "काळ्या, इकडं बघ" म्हणून फोटो काढलेत, व्याह्यांसकट सगळे हसले. काळभैरव, काळूबाई आमची दैवतं. विठोबा काळा. या मुलखात काळा म्हणणं शिवी कधी झाली? गुलाम ठेवले अमेरिकेने आणि प्रायश्चित्त सदाशिव पेठेने घ्यायचं, हे काही झेपत नाही.

वह्या बदलून मनं बदलत नाहीत. उगाच शब्दांना सोवळं नेसवू नका. (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.)

कणेरीमठ

काका, ह.घेतलं. पण तुमचा जाड्या तुम्हाला उलट टकल्या म्हणत होता ना? डब्यात डबा खात होता, तुमच्या घरी झोपायला येत होता. टोपणनाव पडायला आधी खरं नाव माहीत असावं लागतं. 'काळू ए-११' चं खरं नाव त्या वहीत कुठे होतं?

आणि विठोबा काळा म्हणून सांगणाऱ्यांच्याच घरात 'मुलगी गोरी हवी' ही अट असते. इतकी वर्षं ज्या क्रीमच्या नावातच गोरेपणा होता, त्या कंपनीनेही २०२० मध्ये नाव बदललं. क्रीम तेच.

सावली_दुपारची

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). वाचतेय.

बोरिवली_स्लो

१७ ऑक्टोबर २००७. वानखेडे, ऑस्ट्रेलियाविरुद्धची शेवटची वन-डे. मी स्टँडमध्ये होतो.

त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू अँड्र्यू सायमंड्स सीमारेषेवर आला की माकडाचे आवाज. काखा खाजवून दाखवणारी माणसं, चांगली इस्त्रीचे शर्ट घातलेली, शेजारी लहान पोरं घेऊन आलेली. पोरंही करायला लागली. एकाने मला बिस्किट दिलं आणि परत वळून आवाज काढायला लागला. रागाने नाही हो, जत्रेत पिपाणी वाजवावी तसं. तोच माणूस सचिन फलंदाजीला आला तेव्हा भावुक झाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरांत फोटो आले, काहींना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. त्याआधी बडोद्यातही असंच झालं होतं आणि तिथे गैरसमज म्हणून झटकून टाकलं होतं. अडीच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनीला हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याच्या आरोपाचं प्रकरण झालं. मैदानात तो नक्की काय म्हणाला यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं गेलं, तीन कसोटींची बंदी अपिलात उठली, अर्धी मॅच फी गेली. तो वाद संपणारा नाही, तो सोडा. पण वानखेडेवरचं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याला कसलं भाषांतर लागत नव्हतं.

आता फिरवून बघा. जानेवारी २०२१, परत सिडनी. सिराज सीमारेषेवर, प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या. तो थेट पंचांकडे गेला. खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. मैदान सोडायचं का असं पंचांनी विचारलं तेव्हा आपला रहाणे म्हणाला, आमचं काही चुकलेलं नाही, आम्ही खेळणार. आपल्या सगळ्यांची छाती तेव्हा फुगली. फुगायलाच हवी होती. मात्र त्या दिवशी ग्रुपवर 'हे गोरे रेसिस्ट' लिहिणाऱ्यांतला एक जण वानखेडेवर माझ्याच रांगेत होता.

जाता जाता : मुंबईत 'घाटी' ऐकून मोठा झालोय. कॉलेजात गुजराती, पारशी, सिंधी मित्र हसत म्हणायचे, "साला घाटी है तू." हेतू त्यांचाही वाईट नसे. आता जे लोक 'घाटी' म्हटल्यावर पेटतात तेच 'भय्या' म्हणताना पेटत नाहीत. आणि ६०-७० च्या दशकात 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' म्हणून दाक्षिणात्यांना यंडुगुंडू म्हणत कोण फिरत होतं, ते वडीलधाऱ्यांना विचारा.

मांडवीकाठ

बोरिवलीकर, गोव्यात या, इथेही तुम्ही घाटीच. :-)

कर्नाटकातला मजूर असो की कोल्हापूरचा कंडक्टर, सगळे घाटी. मी सावंतवाडीची, लग्न होऊन म्हापशाला आले, मलाही ऐकावं लागलं. आणि आफ्रिकन माणसाला इथे 'खाप्री' म्हणतात, पोर्तुगीज काळापासून, आजीबाईसुद्धा पोरांना भीती घालताना तेच म्हणतात.

२०१३ च्या नोव्हेंबरच्या आसपास पर्रा गावात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला. पुढचे पंधरा दिवस जे चाललं ते मी बघितलंय. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली, मग माफी मागितली. भाड्याच्या खोल्या खाली करून घेतल्या. आमच्या गल्लीत घाना देशाचा एक फुटबॉल खेळाडू राहायचा, एका क्लबसाठी खेळायला आलेला. गोव्यात फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. रविवारी गोल मारला की लोक खांद्यावर घ्यायचे. त्याला पण घर सोडायला सांगितलं. मालकीण म्हणाली, "पोर बरें आसा, पूण खाप्रीच न्हू." तिला त्याचं नाव माहीत होतं, जर्सीचा नंबरसुद्धा माहीत होता. म्हणजे कणेरीमठ यांचा नाव माहीत असण्याचा मुद्दा पुरेसा नाही असं वाटतं.

लूटक्रेट

मी २१. थोडं खरं सांगतो, मारू नका.

गेमिंगच्या व्हॉइस चॅटवर आमच्यात तो एन-वर्ड (कृष्णवर्णीयांना दिली जाणारी इंग्रजी शिवी) 'भावा' सारखा वापरला जातो. "काय रे माय एन-" असं. रॅप ऐकून आलाय. शब्द वापरणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी आयुष्यात कधी कृष्णवर्णीय माणसाशी एक वाक्य बोललेलं नाही. आमच्यासाठी तो फक्त कूल वाटणारा आवाज आहे. जसं पूर्वीचे लोक अर्थ न कळता इंग्लिश गाणी म्हणायचे.

कणेरीमठ

आणि समोरचा परदेशी प्लेअर तुम्हाला 'करी' म्हणाला, वासाबद्दल बोलला, तर?

लूटक्रेट

रिपोर्ट मारतो लगेच. :-(

ओके. पॉइंट.

प्रशासक

वरचा एक प्रतिसाद उडवला आहे. विषय शिव्यांचा असला तरी शिव्यांची यादी देण्यासाठी हा धागा नाही. संबंधित सदस्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

एडिसनची_माई

न्यू जर्सीत २६ वर्षं. लूटक्रेटसारखाच एक भाचा इथे आहे म्हणून लिहिते.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये असतो. दोन वर्षांपूर्वी लेझीमची प्रॅक्टिस चालू होती आणि सातवी-आठवीची पोरं कोपऱ्यात एकमेकांना तोच शब्द लावून हाका मारत होती. सगळी देशी पोरं, एकही कृष्णवर्णीय नाही. हॉलचा सिक्युरिटी गार्ड कृष्णवर्णीय, साठीचा माणूस. तो उठला, पोरांजवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, हा शब्द या इमारतीत नाही चालणार. पोरं पांढरी पडली. आता आईबापांनी काय करावं? एक जण म्हणाला, "गाण्यात ऐकतात हो, काय करणार." दुसरा म्हणाला, "तो कल्लू जरा जास्तच करतोय." हे मराठी-हिंदीत, त्या माणसापासून चार फुटांवर, त्याला कळत नाही या भरवशावर.

त्यांना कळतं. इथल्या देशी दुकानांच्या आसपास काम करणारा कुठलाही कॅशियर तुम्हाला सांगेल की 'कल्लू' आणि 'काळ्या' कशाला म्हणतात ते. "या काळ्याच्या लायनीत नको, पलीकडे चल" हे मी मराठीत इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं.

आणि हे बोलणारी बरीच मंडळी इथे ८० च्या दशकात आलेली. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती. बायकांच्या कुंकवावरून ते नाव घेतलेलं. भारतीयांना शहरातून हाकलणार म्हणून त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं. त्याच सप्टेंबरमध्ये होबोकनला नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. आमच्या मंडळातल्या एक मावशी त्या काळात घराबाहेर पडताना कुंकू पुसून पर्समध्ये टिकलीचं पाकीट ठेवायच्या, देवळात गेल्यावर लावायच्या. त्याच मावशी आज मुलाच्या शेजाऱ्यांबद्दल काय बोलतात ते इथे लिहिलं तर प्रशासक उडवतील.

हॉलमधल्या त्या पोरांत माझा भाचाही होता. त्याला काय सांगितलं? भाषण नाही दिलं. त्या गार्डकडे नेलं आणि बाप्पाचा प्रसाद त्याच्या हाताने द्यायला लावला. मोदक कसला आहे ते समजावून सांगायला लावलं. पोरगं लाजेने अर्धमेलं. गार्डला मोदक फार गोड वाटला, ते वेगळं.

तिरकस_पुणेकर

माई, प्रसंग छान. पण अमेरिकेत त्या शब्दामागे चाबूक आहे, फासावर लटकवलेली माणसं आहेत. ते मला मान्य आहे. 'चिंकी' मागे काय आहे? कुणी चाबूक मारला? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटले म्हणून. निग्रो हा शब्द तिथेही आहेच. म्हणजे शब्दात काही नसतं, काळ आणि माणूस यांत असतं. मी एवढंच म्हणतोय.

निवृत्त_ब्रांच_म्यानेजर

तिरकसराव, तुमच्या जोतीरावांच्या दाखल्यातला शेवटचा भाग बरोबर आहे. तेव्हा तो शब्द त्या लोकांचे पुढारीही स्वतःसाठी वापरत. आज वापरत नाहीत, एवढं पुरे. आता 'चिंकी' मागे काय आहे ते सांगतो.

२९ जानेवारी २०१४. दिल्ली, लाजपतनगर. नीदो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला. दुकानातल्या लोकांनी केसांवरून, चेहऱ्यावरून टिंगल केली. त्याने चिडून काच फोडली. मग मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. अरुणाचलच्या आमदाराचा मुलगा होता म्हणून निदान देशाला नाव कळलं. सुरुवात झाली ती टिंगलीपासून, तुम्ही ज्याला ह.घ्या. म्हणता त्याच जातीच्या.

मार्च २०२०. करोना आला आणि दिल्लीत एका मणिपुरी मुलीच्या अंगावर एकाने पान थुंकून तिला 'कोरोना' म्हटलं. देशभर असे प्रकार इतके झाले की गृहखात्याला राज्यांना पत्र लिहावं लागलं. बघा, जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द एका आठवड्यात बसला. जागा तयार होतीच.

आता माझी दुसरी बाजू. बँकेच्या नोकरीत मी शिलाँगला होतो, नंतर इंफाळला. शिलाँगला मी 'डखार', इंफाळला 'मयांग'. म्हणजे बाहेरचा, मैदानातला. बाजारात आळूच्या पानांचा भाव मला वेगळा. भाड्याने घर बघायला गेलो की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग म्हणायचे रिकामं नाही. शिलाँगमध्ये बाहेरच्यांवर दंगली झालेल्या आहेत, माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून गेली आहेत. तेव्हा 'ते बिचारे आणि आपण दुष्ट' असलं मला कुणी सांगू नये. फरक एकच सांगतो : तिथे मला कुणी काही म्हटलं तरी बदलीचा अर्ज माझ्या खिशात होता आणि बँक, पोलीस, दिल्ली हे सगळं माझ्या बाजूचं होतं. पुण्यात शिकायला आलेल्या पोरीच्या बाजूने कोण आहे?

शिलाँगच्या एका सहकाऱ्याची मुलगी पुण्यात शिकायला आली, मी तिचा लोकल गार्डियन. तिच्यासाठी फ्लॅट बघायला एजंटला फोन लावला, स्पीकर चालू. तो म्हणाला, "काका, फॅमिली आहे ना? चिंकी-बिंकी नाही ना?" पोरगी शेजारीच बसलेली. तिला तोवर बऱ्यापैकी मराठी येत होतं. मला हळूच विचारते, "काका, चिंकी मी. बिंकी कोण?" तिला हसू आवरेना, मला कुठे बघावं ते कळेना.

पण हीच मुलगी ऑगस्ट २०१२ मध्ये पुणे स्टेशनवर उभी होती. आसाममधल्या बोडो-मुस्लिम दंग्यानंतर अफवा पसरल्या, मोबाइलवर मेसेज फिरले, पुण्यात मारहाणी झाल्या, आणि बंगळुरू, पुण्यातून ईशान्येची मुलं गाड्या भरभरून घरी निघाली. मी तिला म्हटलं, आमच्या घरी राहा, काही होत नाही. ती म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत आहे मी खासी आहे, आसामी नाही, मुसलमान नाही, बोडो नाही. त्यांना फक्त चिंकी माहीत आहे." गेली. परीक्षा बुडाली. नंतर परत आली, डिग्री घेतली.

सावली_दुपारची

बँकवाले काका, __/\__

'बिंकी कोण' वर हसले आणि मग पुढचा परिच्छेद.

मुरुडकर

हबशी हा शब्द अजून कसा नाही आला?

मी मुरुडचा. जंजिरा आमच्या खिडकीतून दिसतो. सिद्दी म्हणजे मूळ आफ्रिकेतून आलेले, आणि त्यांच्या मुलखाला जुन्या कागदांत हबसाण म्हटलंय. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हबशी. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलेला, खडकी (पुण्याची नव्हे, नंतरचं औरंगाबाद) वसवणारा, तिला नहरीने पाणी देणारा. १६२६ मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. शाळेत हे वाचताना आमच्या मास्तरांनी 'हबशी' शब्द जराही नाक न मुरडता उच्चारला होता. आणि संध्याकाळी त्याच गावात क्रिकेट खेळताना काळ्या रंगाच्या पोराला आम्ही 'ए हबशी' म्हणायचो ते वजीर म्हणून नव्हे.

इथे आफ्रिकन माणूस चारशे वर्षांपासून आहे आणि त्याने किल्ले, आरमार, जमीनमहसूल सगळं सांभाळलंय. तरी पुण्यात सुदानी विद्यार्थी बसमध्ये चढला की शेजारची सीट रिकामी राहते. सिद्दी लोक उत्तर कन्नड, गुजरातमध्ये आजही राहतात, कन्नड-कोकणी-गुजराती घरची भाषा म्हणून बोलतात, आणि स्वतःच्याच जिल्ह्याच्या बाहेर त्यांना 'कुठल्या देशाचे' असं इंग्रजीत विचारतात.

अवांतर : जंजिरा बघायला आलात तर होडीवाल्याशी आधी भाव ठरवा.

फौजदारी_आणि_इतर

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. वकिलाची खोड.

२०१२ मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीबाबत असा प्रकार झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावा. 'चिंकी म्हणाल तर पाच वर्षं' अशा बातम्या तेव्हाच्या. नवीन गुन्हा तयार झाला नव्हता, १९८९ चाच कायदा होता. त्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर आणि हेतुपुरस्सर असावा लागतो. शिवाय मणिपूरचे मेईतेई किंवा बहुतेक नेपाळी भाषक गुरखा अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणजे त्याच शब्दाने एकीला संरक्षण, तिच्या रूममेटला नाही.

आपल्याकडचा एक चांगला निकाल : एका राज्यात अनुसूचित असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली तरी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण तिला मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी 'तू महाराष्ट्रात अनुसूचित नाहीस' हा बचाव बिनदिक्कत घेतला जायचा.

नीदो तानियानंतर बेझबरुआ समिती नेमली. तिने २०१४ मध्येच दंडसंहितेत १५३-सी आणि ५०९-ए अशी दोन नवी कलमं सुचवली, दुसरं थेट वांशिक अपमानाच्या शब्दांसाठी. ती आली नाहीत. २०२४ च्या जुलैत नवी न्यायसंहिता आली, त्यातही वंशावरून एकट्यादुकट्याचा अपमान हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही. पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, भाषा यावरून जीव घेतला किंवा गंभीर दुखापत केली तर कलम आहे. म्हणजे मेल्यावर, नाहीतर हाडं मोडल्यावर.

आफ्रिकन विद्यार्थ्याचं तर त्याहून कठीण. संविधानाचं १५ वं कलम भेदभावाविरुद्ध आहे, पण ते नागरिकांसाठी. १४ वं सर्वांसाठी, पण ते सरकारपुढे दाद मागायला. घरमालकापुढे नाही. 'आफ्रिकनांना घर नाही' अशी पाटी लावणाऱ्याला आज सरळ रोखेल असा कायदा मला दाखवता येणार नाही.

तिरकस_पुणेकर

वकीलसाहेब, माहिती उत्तम. बँकवाल्या काकांना नमस्कार, 'चाबूक कुठाय' हा माझा प्रश्न मागे.

पण कायद्याने जीभ बांधायच्या मी विरोधातच आहे. आणि काळ्याला मी काळ्याच म्हणणार. त्याने परवाच फोन करून विचारलं, धाग्यावर माझ्याबद्दल लिहिलंस ना टकल्या?

बोरिवली_स्लो

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तुम्हाला आणि काळ्याला कोण अडवतंय! वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीचं आठवतंय का? हैदराबादकडून आयपीएल खेळताना त्याला आणि थिसारा परेराला सहकारी 'कालू' म्हणायचे, २०१४ चा इन्स्टाग्रामवरचा फोटो अजून फिरतो. त्याला वाटायचं, तगडा घोडा असा काहीतरी अर्थ आहे. तोही सगळ्यांबरोबर हसायचा. अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड गेला त्यानंतर, जून २०२० मध्ये, त्याला अर्थ कळला तेव्हा त्याने व्हिडिओ टाकून विचारलं की तुम्ही हसत होता ते कशाला? मग एकाशी बोलणं झालं, प्रेमानेच म्हणत होतो असं कळलं, त्याने विषय मिटवला. मोठा माणूस. पण ज्या टीममध्ये तुमच्याच नावावर सगळे हसतात आणि अर्थ फक्त तुम्हालाच माहीत नाही, तिथल्या प्रेमाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवंती_८२

एक प्रॅक्टिकल प्रश्न. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या, मांडीचं हाड मोडल्यामुळे अंथरुणात. दिवसाची नर्स मणिपूरची. सासूबाई तिला 'माझी चिनी पोर' म्हणतात. तिच्याशिवाय जेवत नाहीत, माझ्या हातचं तर मुळीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "ही आमची चिनी." मी दोनदा टोकलं तर म्हणाल्या, "तुला काय कळतंय, तिला आवडतं." नर्सला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, "आजी को बोलने दो." आता या वयात त्यांना काय शिकवायचं? आणि ती स्वतः हसतेय तर मी कोण मध्ये पडणारी?

मांडवीकाठ

नाव सांगा ना आजींना. रोज सकाळी तिचं नाव घेऊन बोला तुम्ही, मुलांनाही लावा. आजी आपोआप घेतील. ८४ म्हणजे काही शिकत नाहीत असं नसतं, माझ्या आजेसासूने नव्वदीत व्हिडिओ कॉल शिकला.

निवृत्त_ब्रांच_म्यानेजर

इंफाळमध्ये चार वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. मणिपुरी माणसाला 'चिनी' म्हणणं हे 'चिंकी' पेक्षाही झोंबतं. घरातले किती जण आसाम रायफल्समध्ये, सैन्यात असतात. ती आजींसमोर हसली यावर जाऊ नका.

कणेरीमठ

आणि शेवंती, तिचा पगार तुमच्या घरातून होतो. आजींसमोर ती दुसरं काय करणार? हसणारच. तिची ड्यूटी संपल्यावर, आजी झोपल्यावर, चहा देऊन विचारा. तेही एकदाच.

शेवंती_८२

पगार एजन्सी देते गं. पण बोललीस ते कळलं. एजन्सीला आमच्याकडून दर महिन्याला फीडबॅक जातो, स्टार द्यायचे असतात, तिला माहीत आहे. उद्या तिची सुट्टी आहे, परवा विचारते.